काळ्या इंजिनाचा खरा रंग

पारोळ्याला रेल्वे नाही. पारोळ्याच्या माणसाला गाडी धरायची तर पूर्वीही अमळनेर गाठावे लागे, नाहीतर धुळे. आणि आजही तेच करावे लागते. पण या दोन स्थानकांमध्ये एक फरक आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धुळ्याची गाडी चाळीसगावकडे जाते. ती वाट ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, आणि आज मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातली. अमळनेरची वाट मात्र सुरतेहून तापीच्या खोऱ्याने आलेली. ती पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, अर्थात बीबीसीआय कंपनीच्या व्यवस्थेत गेली आणि आज पश्चिम रेल्वेत आहे. दोन्ही मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १९०० च्या सुमारास सुरू झाले. एकाच गावचा माणूस पूर्वेच्या वाऱ्याने एका कंपनीचे इंजिन पाहत होता आणि पश्चिमेच्या वाऱ्याने दुसऱ्या कंपनीचे. दोन्ही कंपन्यांचे कारखाने वेगळे, भांडारे वेगळी, रंगाचे डबे वेगळे आणि रंगाऱ्यांचे हातही वेगळे.

आज सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, वाफेचे इंजिन कसे होते? उत्तर येईल, ‘काळे!’ उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळातली बहुतेक वाफेची इंजिने काळीच होती. मालगाडीचे ‘डब्ल्यूजी’ इंजिन साधे काळे. मेलगाडीचे ‘डब्ल्यूपी’ इंजिनही बहुधा काळेच, फक्त त्याच्या गोलसर नाकाडावर रंगवलेला चांदणीचा तारा असे. मात्र त्याआधीच्या शंभर वर्षांत जगभरची इंजिने हिरवी, निळी, किरमिजी, पिवळी अशा कितीतरी रंगांत धावली. जुने इंजिन चौथऱ्यावर ठेवताना किंवा पुन्हा धावते करताना त्याला कोणता रंग द्यायचा, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही. हा इतिहास-संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्याला पुरावे लागतात.

रंग म्हणजे कंपनीची ओळख

रेल्वेच्या आरंभकाळात रंग ही जाहिरातच होती. १८२९ साली इंग्लंडमधील रेनहिलच्या चाचणीत जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ उतरले ते पिवळ्या अंगाचे आणि पांढऱ्या धुराड्याचे. पुढे प्रत्येक कंपनीने आपला रंग ठरवून घेतला. मिडलंड रेल्वेने १८८३ साली हिरवा रंग सोडून गडद किरमिजी स्वीकारला आणि तो तिचा शिक्काच होऊन बसला. ग्रेट वेस्टर्नचे हिरवे इंजिन आणि त्यावरचे तांब्याचे झळकते झाकण तर आजही तिकडच्या मुलांच्या चित्रपुस्तकांत दिसते.

रंगाच्या नावावर मात्र विसंबता येत नाही, याचे गमतीदार उदाहरण लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचे. तिथले इंजिन-प्रमुख विल्यम स्ट्राउडली यांच्या रंगाचे नाव होते ‘इम्प्रूव्ह्ड इंजिन ग्रीन’, म्हणजे ‘सुधारित इंजिन हिरवा’. प्रत्यक्षात तो होता सोनेरी झाकेचा पिवळा! स्ट्राउडलींना रंगांधत्व होते, अशी आख्यायिका त्यावरून रूढ झाली. ती खरी असो वा नसो, उद्या एखाद्याने केवळ कागदोपत्री नाव वाचून ते इंजिन हिरवे रंगवले, तर तो कागदाशी प्रामाणिक राहील आणि इतिहासाशी अप्रामाणिक.

भारतातही विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनांचे आराखडे एकसारखे होऊ लागले. १९०३ पासून ब्रिटिश अभियांत्रिकी प्रमाण समितीने हिंदुस्थानातील रेल्वेंसाठी प्रमाण नमुने ठरवले. एकाच आराखड्याची इंजिने वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेली, पण ती कोणाची हे लांबून सांगणारी खूण रंगाची, अक्षरांची आणि कडेच्या रेघांची असे. जीआयपीची इंजिने परळच्या कारखान्यात दुरुस्तीला जात, बीबीसीआयची १९२६ नंतर दोहदच्या कारखान्यात. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वेची स्थापना झाली आणि या जुन्या ओळखी हळूहळू पुसल्या गेल्या. काळा रंग स्वस्त होता, तेल आणि कोळशाचे डाग तो झाकत असे, आणि कोणत्याही शेडमध्ये तो सहज मिळे. सर्व इंजिने काळी होण्यामागे हा साधा हिशेब होता.

डब्यातला नव्हे, खलातला रंग

आज आपण रंगाच्या दुकानात जाऊन क्रमांक सांगतो आणि डबा घेऊन येतो. ‘सिग्नल रेड, ५३७’ असे म्हटले की भारतीय मानक ‘आयएस ५’ च्या तक्त्यातील तो तांबडा देशात कुठेही सारखाच मिळतो. पण असे तक्ते फार जुने नाहीत. जर्मनीतील ‘राल’ तक्ता १९२७ चा आणि ब्रिटनचे पहिले रंगमानक १९३० चे. त्यापूर्वी रंग कारखान्यातच घोटला जाई.

त्याची सामग्री आपल्याला अनोळखी नाही. जवसाचे उकळलेले तेल हे माध्यम. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा. गंज रोखणाऱ्या पहिल्या हातासाठी शेंदूर, म्हणजे शिशाचेच तांबडे भस्म. तोच शेंदूर, जो आपण मारुतीला लावतो. बफरच्या तुळईच्या झगझगीत तांबड्यासाठी हिंगूळ, तपकिरी-तांबड्यासाठी गेरू, काळ्यासाठी काजळी किंवा हाडांचा कोळसा. ‘ब्रन्सविक ग्रीन’ हा इंजिनांचा प्रसिद्ध हिरवा रंग पिवळा क्रोम आणि प्रशियन निळा यांच्या मिश्रणातून होई. पिवळा चमचाभर जास्त पडला की रंग पोपटी, निळा जास्त पडला की शेवाळी. एकाच कारखान्यात सोमवारी आणि शनिवारी घोटलेला रंग तंतोतंत सारखा असेलच असे नाही.

त्यात भर वॉर्निशची. पृष्ठभाग लांबी भरून, घासून गुळगुळीत करायचा, त्यावर रंगाचे अनेक हात द्यायचे, मग रेघा ओढायच्या आणि शेवटी वॉर्निशचे थर चढवायचे, अशी जुनी पद्धत होती. हे वॉर्निश मधासारखे पिवळसर असे आणि वयाबरोबर अधिक पिवळे होई. त्यामुळे निळे इंजिन दोन-चार वर्षांत हिरवट दिसू लागे. लोकांच्या आठवणीत राहिलेला रंग अनेकदा रंगाऱ्याने दिलेला नसतो. तो रंग, वॉर्निश, धूर आणि ऊन या चौघांनी मिळून घडवलेला असतो. धुराड्याखालची धुराची पेटी तर इतकी तापे की साधा रंग तिच्यावर टिकत नसे. म्हणून उरलेले इंजिन कोणत्याही रंगाचे असो, तो भाग काळाच ठेवावा लागे. संपूर्ण इंजिन नखशिखांत निळे किंवा हिरवे रंगवलेले दिसले की अनुभवी माणूस इथेच चूक ओळखतो.

छायाचित्र फसवते तेव्हा

जुने छायाचित्र मिळाले की प्रश्न सुटला, असे आपल्याला वाटते. तिथेही सापळे आहेत.

पहिला सापळा कृष्णधवल काचेचा. जुन्या छायाचित्रण-पट्ट्यांवरील रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होते आणि तांबड्याला जवळजवळ आंधळे. त्यामुळे निळा रंग छायाचित्रात फिकट, पांढुरका उमटे आणि तांबडा मात्र काळा. अशा चित्रात काळे दिसणारे इंजिन प्रत्यक्षात गडद किरमिजी असू शकते. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पट्टी सार्वत्रिक झाली ती पुढे. म्हणून छायाचित्र पाहताना आधी ते कधीचे आणि कोणत्या पट्टीवरचे, हे विचारावे लागते.

दुसरा सापळा अधिक खोडकर आहे. कारखान्यातून नवे इंजिन बाहेर पडले की त्याचे अधिकृत छायाचित्र घेतले जाई. प्रत्येक खिळा आणि प्रत्येक रेघ स्वच्छ उमटावी म्हणून त्या एका दिवसापुरता त्याला फिकट राखाडी रंग देत, कधी कधी कॅमेऱ्याकडच्या एकाच बाजूला. छायाचित्र झाले की इंजिन पुन्हा रंगशाळेत जाई. त्या राखाडी रंगात ते कधीच धावले नाही. परंतु छायाचित्र उरले, आणि ते पाहून राखाडी रंगाची शिफारस करणारे उत्साही लोकही निघाले.

मग पुरावा कशाचा मानायचा? कारखानदाराने दिलेल्या तपशीलपत्रात रंगकामाचे स्वतंत्र कलम असे, ते पाहावे. रेल्वेच्या भांडाराच्या मागणी-वह्या पाहाव्यात. त्या काळची वर्तमानपत्रे पाहावीत. जुन्या चालक-फायरमनांच्या आठवणी घ्याव्यात, पण एकट्या आठवणीवर निर्णय देऊ नये. डोळा आकार लक्षात ठेवतो तितका नेमका रंग लक्षात ठेवत नाही. दोन वेगळ्या साधनांनी एकच गोष्ट सांगितली, तर विश्वास ठेवावा. खान्देशात हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली ती याच शिस्तीने. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. साधन आधी, निष्कर्ष मागाहून, हा त्यांचा धडा इंजिनाच्या रंगालाही लागू पडतो.

थरांखालचे दप्तर

सर्वांत खात्रीचे दप्तर मात्र इंजिनाच्या अंगावरच असते. दर मोठ्या दुरुस्तीला नवा रंग चढे आणि जुना बऱ्याचदा खालीच राही. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांप्रमाणे हे थर एकावर एक साठत जातात.

ते वाचण्याची साधी रीत अशी : बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत हलक्या हाताने गोल घासत जायचे. मध्यभागी लोखंड दिसेपर्यंत घासले की कडेने प्रत्येक थराचे एकेक वलय उघडे पडते. सर्वांत बाहेरचे वलय अलीकडचे, सर्वांत आतले कारखान्यातले. याहून काटेकोर रीत म्हणजे रंगाचा बारीक कपचा काढून राळेत बसवायचा, त्याची कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. मग थर मोजता येतात, कोणता प्राइमर आणि कोणता वरचा हात हे ओळखता येते. प्रयोगशाळेत त्यातील शिसे, क्रोम, लोह यांचे प्रमाणही कळते. त्यावरून खनिज ओळखले जाते आणि खनिजावरून रंग कोणत्या काळातला असू शकतो, हे ठरवता येते.

कपचा कुठून घ्यावा, यालाही महत्त्व आहे. ऊन आणि धूर जिथे पोचला नाही तिथून : नामफलकाच्या मागून, चालकाच्या खोलीतल्या कोपऱ्यातून, कंसाच्या खालून. शिवाय सापडलेला थर लगेच दिव्याखाली जुळवू नये. ट्यूबच्या प्रकाशात हुबेहूब जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, कारण त्यांतील द्रव्ये वेगळी असतात. रंग जुळवावा तो दिवसाच्या प्रकाशात. त्याची नोंद ‘हिरवट निळा’ अशी शब्दांत ठेवण्याऐवजी मन्सेलसारख्या पद्धतीने छटा, उजळपणा आणि तीव्रता अशा तीन आकड्यांत ठेवावी. शब्द माणसागणिक बदलतात, आकडे बदलत नाहीत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या थरांत शिसे असते आणि त्याची धूळ विषारी असते. २०१६ च्या नियमांनी भारतात घरगुती रंगांतील शिशाला दहा लाखांत नव्वद भागांची मर्यादा घातली, पण जुन्या इंजिनांवरचा शेंदूर आणि सफेदा या नियमाच्या आधीचा आहे. तो कोरडा घासू नये, पेटवून जाळू नये, आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

कोणत्या वर्षीचा खरा?

पुरावा हाती आला तरी एक प्रश्न उरतो : इंजिनाच्या आयुष्यातला कोणता क्षण रंगवायचा? ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे १९२३ चे इंग्लिश इंजिन याचा उत्तम धडा आहे. आरंभी ते सफरचंदी हिरवे होते. दुसऱ्या महायुद्धात काळे झाले. युद्धानंतर पुन्हा हिरवे, राष्ट्रीयीकरणानंतर काही काळ निळे, आणि मग गडद ब्रन्सविक हिरवे. लोकांच्या मनात ठसला होता तो पहिला सफरचंदी हिरवा. तरीही २०१६ साली मोठ्या दुरुस्तीनंतर ते गडद हिरव्या रंगात आणि ६०१०३ या उत्तरकालीन क्रमांकाने रुळावर आले. कित्येकांची निराशा झाली. पण त्यामागचे कारण पटण्याजोगे होते. १९५९ मध्ये त्या इंजिनाला दुहेरी धुराडे बसले आणि पुढे धूर उडवणारे पत्रेही लागले. हे भाग त्याच्या सफरचंदी दिवसांत नव्हतेच. रंग आणि आकार एकाच काळातले हवेत, हा नियम तिथे पाळला गेला.

आपल्याकडे हाच मुद्दा ‘डेक्कन क्वीन’ने सांगता येतो. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा तिचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा शाही निळा, त्यावर सोनेरी रेघा. १९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातील डबे आले, २०२२ मध्ये पुन्हा नवे डबे, नवी रंगसंगती. ‘डेक्कन क्वीनचा खरा रंग कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘१९३० साली तिच्या दुसऱ्या संचाचा रंग कोणता?’ या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर आहे. प्रश्न नीट विचारला की अर्धे काम होते.

लहान प्रतिकृती करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मूळ इंजिनाचा तोच रंग हातभर प्रतिकृतीला दिला, तर तो जास्त गडद वाटतो; म्हणून जाणकार त्यात थोडा पांढरा मिसळतात. पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहताना या बारकाव्याची आठवण जरूर ठेवावी.

आपल्या दारातले इंजिन

हे सगळे विलायती चोचले वाटण्याची शक्यता आहे. पण आपल्या परिसरात नेमके काय चालते ते पाहावे. स्थानकासमोर, उद्यानात, कार्यालयाच्या आवारात जुनी इंजिने चौथऱ्यावर उभी असतात. एखादा समारंभ जवळ आला की त्यांना तकतकीत इनॅमलचा हात दिला जातो. चाके पांढरी, दांडे तांबडे, पितळी फलकही रंगाखाली गाडलेले. हेतू चांगला असतो. गंजण्यापेक्षा रंगवलेले बरे, हेही खरे. पण त्याआधी यंत्राने सगळे जुने थर खरवडून लोखंड लखलखीत केले जाते तेव्हा त्या इंजिनाचे संपूर्ण दप्तर अर्ध्या दिवसात धुळीला मिळते. चुकीचा रंग उद्या बदलता येतो. खरवडलेला थर परत येत नाही.

खान्देशापुरते बोलायचे तर वेळ फारसा उरलेला नाही. पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंद मार्गाची गाडी, लोकांची लाडकी ‘पीजे’, २०२० मध्ये थांबली आणि मार्ग रुंदीकरणाकडे गेला. रूळ बदलतात तेव्हा त्यांच्यासोबत डबे, फलक, खुणेचे खांब, दिव्यांचे कंदील भंगारात जातात. भुसावळच्या वाफेच्या शेडमध्ये काम केलेली पिढी आता थकली आहे. ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची गाडी देशात १९९५ च्या डिसेंबरात शेवटची धावली. म्हणजे तेव्हा नुकता कामाला लागलेला तरुणही आता पन्नाशीच्या पुढे आहे.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. जुने इंजिन रंगवण्यापूर्वी चारही बाजूंनी त्याची छायाचित्रे घ्यावीत, शेजारी रंगपट्टी धरून. नामफलकामागे, आडोशाला, तळहाताएवढी जागा न खरवडता तशीच सोडावी, फक्त वरून पारदर्शक लेप द्यावा. पुढच्या पिढीच्या सूक्ष्मदर्शकासाठी तेवढा साक्षीदार पुरतो. कोणता रंग, कोणत्या पुराव्यावरून आणि कोणत्या वर्षाचा म्हणून दिला, हे एका लहान फलकावर लिहावे. पुरावा नसेल तर ‘हा रंग केवळ रक्षणासाठी’ असे लिहायला संकोच करू नये. आणि घरात निवृत्त रेल्वे कर्मचारी असेल, तर त्याच्या ट्रंकेतील छायाचित्रांच्या मागे गाव, वर्ष आणि इंजिनाचा क्रमांक आजच लिहून घ्यावा.

पारोळ्याचा भुईकोट १७२७ साली बांधला गेला असे सांगतात. त्याच्या ढासळत्या तटाला उद्या कोणी निळा रंग द्यायचा म्हटले, तर गाव विरोधाला उभे राहील. दगड जुना आहे, त्याचा मान ठेवला पाहिजे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. अमळनेरच्या फलाटावर आणि धुळ्याच्या आवारात ज्यांनी आपल्या तीन पिढ्यांना गावाबाहेरचे जग दाखवले, त्या लोखंडालाही तोच न्याय मिळायला हवा.